सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही

पुण्यात नाना पेठेच्या मागच्या अंगाला एका गॅरेजच्या दारात पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी होती. मालक निवृत्त प्राध्यापक, गाडी त्यांच्या वडिलांची. त्यांनी किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला, इंजिन घरघरलं, पण गाडी काही चालू झाली नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा तीच घरघर. आणखी एकदा हात किल्लीकडे गेला तेव्हा मिस्त्रींनी काचेवर टकटक केली. "सर, आता राहू द्या. बॅटरी उतरली तर तपासायचं कशावर?"

मग बॉनेट न उघडताच त्यांनी विचारायला सुरुवात केली. गाडी शेवटची नीट कधी चालली? बंद पडली ती एकदम, की गचके खात? पेट्रोल कधी भरलं? आणि शेवटी एक प्रश्न, जो ते प्रत्येकाला विचारतात: "आमच्याआधी हिला कुणी हात लावला?"

गाडी सोसायटीच्या फाटकात एकदम बंद पडली होती. एका मेकॅनिकने आधी प्लग बदलले, मग कॉइल बदलली, मग बॅटरी. तिन्ही वस्तू नव्या, तिन्हींची बिलं प्राध्यापकांच्या खिशात, आणि दुखणं जिथल्या तिथे.

संपादकांनी यंदा 'हातातलं कसब' हा विषय दिला आणि माझी पावलं जुन्या गाड्यांच्या गॅरेजांकडे वळली. त्यातही मी ही एकच तक्रार धरून ठेवली, कारण कसबाची खरी परीक्षा इथेच होते. टायर पंक्चर झालं तर दिसतं, रेडिएटर गळला तर खाली पाणी साचतं. पण सेल्फ फिरतोय आणि गाडी घेत नाही, अशा वेळी मोडलेलं काहीच दिसत नाही. जे घडायला हवं ते घडत नाही, एवढंच कळतं. कारण शोधायचं ते डोक्याने, कानाने आणि बोटांनी.

बॉनेट उघडण्याआधी

बंद पडण्याची तऱ्हा पुष्कळ काही सांगते. चालती गाडी दिवा मालवावा तशी एकदम बंद पडली, तर संशय विजेवर. गचके खात, दम टाकत, ॲक्सिलरेटर दाबला की आणखीच मरगळत थांबली, तर संशय पेट्रोलवर. हा काही कायदा नाही. पण तपास कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं.

त्यानंतर सेल्फचा आवाज. चांगल्या इंजिनात तो एकसारखा नसतो, त्यात ताल असतो. प्रत्येक सिलेंडर हवा दाबायला लागला की सेल्फवर भार येतो आणि आवाज किंचित जड होतो, मग सुटतो, मग पुन्हा जड होतो. हा ताल रेंगाळत असेल तर बॅटरी उतरलेली असते, तिच्या टोकांवर पांढरी बुरशी चढलेली असते, किंवा इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची पट्टी ढिली असते. ताल मुळीच नसेल, इंजिन भार नसल्यासारखं भरभर फिरत असेल, तर मिस्त्री गंभीर होतात. आत दाब तयार होत नाही, असं तो आवाज सांगत असतो.

नुसती 'टक्' होऊन सेल्फ फिरतच नसेल, तर तो आजार वेगळा. ज्या गाडीचा सेल्फ फिरतो तिची बॅटरी, सेल्फ आणि किल्लीचा निदान एक टप्पा तरी शाबूत आहे. म्हणजे पहिली किल्ली फिरवताच शोधाचं निम्मं रान मोकळं झालेलं असतं.

चार अटी

निकोलाउस ओट्टो या जर्मन माणसाने १८७६ साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं. तेव्हापासून पेट्रोलच्या इंजिनाच्या अटी त्याच आहेत. हवेत मिसळलेलं पेट्रोल आत आलं पाहिजे. ते दाबलं गेलं पाहिजे. त्याला ठिणगी मिळाली पाहिजे. आणि ती नेमक्या क्षणी मिळाली पाहिजे. गॅरेजच्या भाषेत पेट्रोल, कॉम्प्रेशन, करंट आणि टायमिंग.

सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे फेरे देतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एका सिलेंडरला एकदा ठिणगी मिळते. म्हणजे किल्ली धरून ठेवल्यावर प्रत्येक सिलेंडरला मिनिटाला शंभरेक संधी मिळतात. चारही अटी पुऱ्या होत असतील तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच इंजिन घेतं. तेवढ्यात घेतलं नाही, तर अर्धा मिनिट सेल्फ मारत राहून ते घेण्याची शक्यता फारशी वाढत नाही. बॅटरी मात्र उतरते, सेल्फ तापतो आणि कच्चं पेट्रोल प्लगांना भिजवून बसतं. मूळ दुखणं एक असतं, त्यात आपण दुसरं घालतो.

चारांपैकी आधी काय तपासायचं? मी ज्यांच्या हाताखाली उभं राहून पाहिलं त्या बहुतेकांनी एकच क्रम पाळला: आधी करंट, मग पेट्रोल, मग कॉम्प्रेशन आणि टायमिंग. जे लवकर तपासून होतं, ज्याला पैसे लागत नाहीत आणि जे वारंवार बिघडतं, ते आधी. ज्यासाठी इंजिन खोलावं लागतं, ते सर्वांत शेवटी.

आधी करंट

बॅटरीत बारा व्होल्ट असतात. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात, वीस हजारांच्या घरात. हा चमत्कार कॉइल करते, आणि तिच्याकडून तो करवून घेतात ते डेल्कोतले दोन चिमुकले पॉइंट. गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. इंजिनासोबत फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, ते क्षेत्र कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून कॉइलच्या बारीक तारेत प्रचंड दाबाची वीज उपजते. रोटर ती एकेका प्लगकडे पोचवतो. शेजारचा कंडेन्सर पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी पडू देत नाही. म्हणून तो बिघडला की पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी मरते.

ही रचना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांची. त्यांचं बॅटरीवरचं इग्निशन १९१०च्या कॅडिलॅक गाड्यांसाठी तयार झालं, आणि विजेवर चालणारा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅकवर आला. त्या आधी हँडल मारून इंजिन फिरवावं लागे आणि उलट झटक्याने मनगटं मोडत. आमच्या रस्त्यांवरच्या फियाट आणि ॲम्बेसेडर गाड्या याच रचनेवर कित्येक दशकं धावल्या.

पद्मिनीचा तपास इथून सुरू झाला. मिस्त्रींनी कॉइलकडून डेल्कोत जाणारी जाड तार डेल्कोच्या टोकाला उपसली, रबरी मुठीच्या पकडीत धरली आणि तिचं टोक इंजिनाच्या धातूपासून पाचेक मिलिमीटरवर ठेवलं. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे आधी पाहून घेतलं. पोऱ्याने सेल्फ मारला. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी दिसायला हवी होती. काहीच दिसलं नाही.

आता कॉइलपासून मागे जायचं. टेस्ट लॅम्पची एक तार बॉडीला, दुसरी कॉइलच्या किल्लीकडून येणाऱ्या टोकाला. दिवा लागला, म्हणजे किल्लीपर्यंत सगळं ठीक. मग दिवा पॉइंटकडच्या टोकाला लावून पुन्हा सेल्फ. पॉइंट उघडमिट करत असतील तर हा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला नाही.

डेल्कोची टोपी काढल्यावर कारण समोर आलं. पॉइंटचा जो फायबरचा पाय कॅमवर घासत असतो तो झिजून गेला होता. पाय झिजला की कॅम पॉइंट पुरता उचलू शकत नाही, फट हळूहळू मिटत जाते, आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाही. पॉइंट उघडला नाही तर नवी कॉइल, नवे प्लग आणि नवी बॅटरी मिळूनही ठिणगी पाडू शकत नाहीत. मिस्त्रींनी नवा पॉइंट बसवला, कॅमला चिमूटभर ग्रीस लावलं, फिलर गेजचं ०.४ मिलिमीटरचं पान फटीत सरकवून ती नेमकी केली आणि टोपी लावली. गाडीने पहिल्याच सेल्फला घेतलं.

नवा पॉइंट हा त्या गाडीवर झालेल्या खर्चातला सर्वांत स्वस्त भाग होता.

वीज कमी पडण्याचा आणखी एक प्रकार फसवा असतो. सेल्फ शेकडो अँपिअरच्या घरात करंट ओढतो. नळाला खालच्या मजल्यावर कुणी पंप लावला की वरच्या मजल्याची धार बारीक होते, तसं सेल्फ फिरत असताना कॉइलच्या वाट्याला कमी वीज येते. चांगल्या बॅटरीचा दाब अशा वेळी दहा व्होल्टच्या आसपास टिकतो. साडेनऊच्याही खाली गेला की सेल्फ फिरताना दिसतो, पण ठिणगी लंगडते. ओळखायची खूण सोपी: अशी गाडी सेल्फवर घेत नाही, पण धक्क्यावर लगेच घेते.

पावसातली ओम्नी

मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या अलीकडे एका टपरीवजा गॅरेजात मी पावसाच्या दिवसांत थांबलो होतो. समोर कार्बोरेटरवाली मारुती ओम्नी. हिचं इंजिन पुढच्या सीटखाली. रात्रभर उघड्यावर भिजलेली गाडी सकाळी घेत नव्हती. तिथल्या तरुण मेकॅनिकने सीट उचलून बांधली, शटर अर्धं ओढून अंधार केला आणि मालकाला म्हणाला, "दादा, मारा सेल्फ, आणि इकडे बघा."

अंधारात दिसलं ते विसरण्यासारखं नाही. प्लगांकडे जाणाऱ्या जाड तारांवरून बारीक निळ्या ठिणग्या सरपटत होत्या आणि इंजिनाच्या धातूत उतरत होत्या. प्लगपर्यंत पोचायची वीज वाटेतच गळत होती. वीस हजार व्होल्टची वीज सोपी वाट शोधते. तारांचं रबर कडक होऊन भेगाळलं की ओल त्या भेगांत बसते आणि तीच वाट होते. डेल्कोच्या टोपीला आतून केसाएवढा तडा असला की तिथेही कोळशाची काळी रेघ उमटते, आणि एकदा उमटली की सुक्या दिवशीही वीज तिच्यावरून पळते.

त्याने टोपी आणि तारा कोरड्या फडक्याने पुसल्या, टोपी आतून टॉर्चच्या उजेडात फिरवून पाहिली. तडा नव्हता. गाडीने घेतलं. "आज घरी न्या," त्याने सांगितलं, "पण तारा बदलून घ्या, नाहीतर उद्या पाऊस पडला की पुन्हा याल." कोकणात, जिथे चार महिने हवाच ओली असते, तिथे या एका तपासणीनेच कितीतरी गाड्या चालू होतात.

मग पेट्रोल

ठिणगी निळी आणि दणकट असेल तर पेट्रोलकडे वळायचं. इथे पहिला साक्षीदार म्हणजे प्लग. बराच वेळ सेल्फ मारल्यावर प्लग काढून पाहावा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल नको तेवढं पोचतंय, किंवा पोचूनही पेटत नाही.

कोरड्या प्लगाचा माग टाकीपर्यंत काढायचा. आधी टाकीत पेट्रोल आहे ना, हे काट्यावर विश्वास न ठेवता पाहायचं. जुन्या गाडीचा काटा कितीतरी वेळा अडकलेला असतो. मग एसी पंप. गॅरेजमध्ये हे नाव इंजिनावर बसलेल्या पेट्रोलच्या पंपाला आहे, वातानुकूलनाशी त्याचा संबंध नाही. इंजिनाचा कॅम त्याचा दांडा हलवतो, आतला पडदा वरखाली होतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे ढकलतो. कार्बोरेटरजवळची नळी सोडवून बाटलीत धरायची आणि सेल्फ मारायचा. ठेक्यात चांगल्या पिचकाऱ्या आल्या तर पंपापर्यंत सगळं ठीक, अडथळा पुढे जेटमध्ये किंवा फ्लोटच्या सुईत. काहीच आलं नाही तर पंपाचा पडदा फाटलाय, फिल्टर तुंबलाय, किंवा टाकीतला गंज नळीत येऊन बसलाय. क्वचित टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं असतं. पेट्रोल ओढलं जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवेनासं होतं. अशी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालून थांबते. झाकण उघडलं की 'फुस्' करून हवा आत जाते आणि गाडी पुन्हा घेते.

मे महिन्याचं दुखणं वेगळं. घाट चढून आलेली गाडी चहाला थांबते, आणि चहा संपल्यावर घेत नाही. इंजिनाच्या उष्णतेने पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ढकलू शकतो, वाफ त्याला ढकलता येत नाही. पद्मिनी चालवलेल्या पिढीला यावरचा उपाय पाठ आहे: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. हा उपाय अचूक आहे. फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं, आतली वाफ पुन्हा पातळ होते आणि पंप चालू लागतो.

ओल्या प्लगाची गोष्ट उलटी. चोक ओढून ठेवला गेला, ॲक्सिलरेटर दहा वेळा पंप केला, किंवा कार्बोरेटरमधला फ्लोट तळाला बसला, की गाडी 'ओव्हर' होते. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण पावणेपंधरा भाग हवा, हे जळण्याचं योग्य प्रमाण. थंड इंजिनाला याहून दाट मिश्रण लागतं, त्यासाठीच चोक असतो. पण प्रमाण फारच सुटलं की पेट्रोल पेटतच नाही. उपाय साधा आहे: चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, तो पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. हवेचा झोत जादा पेट्रोल बाहेर काढतो.

करंट की पेट्रोल, हे कमी वेळात ठरवायची एक युक्ती सगळेच वापरतात. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल टाकायचं आणि सेल्फ मारायचा. दोन सेकंद चालून बंद पडली तर करंट, दाब, वेळ सगळं ठीक, फक्त पेट्रोल येत नाही. पण हे जाणत्यानेच करावं. कार्बोरेटरमधून उलटी ज्वाळ येऊ शकते. सेल्फ मारण्याआधी पेट्रोलची बाटली दूर न्यायची आणि तोंड कधीच वर धरायचं नाही, ही सक्त ताकीद पोऱ्यांना पहिल्या दिवशी मिळते.

ऊस, इथेनॉल आणि जुनी रबरं

जुन्या गाड्यांच्या मिस्त्रींकडे हल्ली एक नवा विषय सतत निघतो. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे. २०२२च्या मध्यात देशाने दहा टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. यातलं बरंच इथेनॉल उसापासून बनतं, आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचं अर्थकारण त्याच्याशी जोडलेलं आहे. मिश्रण चांगलं की वाईट, हा वाद मी इथे घालत नाही. जुन्या गाडीवर त्याचा परिणाम काय होतो, एवढंच पाहू.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली, टाकी अर्धी रिकामी असली, की टाकीतल्या हवेतली ओल पेट्रोलमध्ये शिरते. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप ओढतो तो तळाचा थर. मग ठिणगी उत्तम, पिचकारी उत्तम, आणि गाडी घेत नाही, कारण पिचकारीत पेट्रोलच नसतं. म्हणून बाटलीत घेतलेलं पेट्रोल थोडा वेळ ठेवून पाहायचं. तळाशी वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करणं हाच इलाज.

दुसरा परिणाम रबरावर. जुन्या नळ्या, पंपाचे पडदे, फ्लोटच्या सुईची टोकं वेगळ्या पेट्रोलसाठी बनलेली. इथेनॉलने त्यातली काही रबरं फुगतात, मऊ होतात, त्यांचे कण सुटून जेटमध्ये अडकतात. यावर उपाय आहे: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घेणं आणि नळी कडक किंवा चिकट लागली की वाट न पाहता बदलणं. पेट्रोल झिरपणारी भेगाळलेली नळी तापलेल्या इंजिनाजवळ असणं म्हणजे आगीचा धोका.

बरेच महिने उभ्या गाडीचं पेट्रोल तसंही उतरतं. सहज उडणारे घटक, ज्यांच्यामुळे थंड इंजिन चालू होतं, ते आधी निघून जातात आणि मागे चिकट थर राहतो. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर गॅरेजांत आलेल्या कितीतरी जुन्या गाड्यांचं दुखणं हेच निघालं.

दाब आणि वेळ

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी घेत नाही. आता प्रश्न दाबाचा. प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. चांगल्या इंजिनाचा दाब अंगठा उडवून लावतो. मापक लावून आकडाही घेता येतो. दाब कमी आला तर भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर झीज पिस्टनच्या रिंगांची, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. इंजिन न खोलता आतलं दुखणं वर आहे की खाली, हे एका चमचाभर तेलाने कळतं.

टायमिंगचा घोटाळा बहुधा माणसाच्या हातून होतो. पद्मिनीत आणि ॲम्बेसेडरमध्ये सिलेंडर पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. कुणी टोपी साफ करायला तारा काढल्या आणि क्रम चुकवून लावल्या, की गाडी कार्बोरेटरमधून शिंकते, सायलेन्सरमधून फटाके उडवते, पण चालत नाही. त्यासाठीच मिस्त्री विचारतात, आमच्याआधी कुणी हात लावला? मारुती ८०० सारख्या पट्ट्यावर चालणाऱ्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह हलायचे थांबतात आणि सेल्फ भार नसल्यासारखा पळतो. तो आवाज आला की पुन्हा सेल्फ मारू नये. काही इंजिनांत थांबलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळून मोठं नुकसान होतं.

संगणक आला, क्रम तोच

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली. तीही गाडी आता जुन्या गाड्यांच्या रांगेत येऊन बसली आहे. २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे भारत स्टेज नियम आले, तेव्हा तिच्यातला कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले. पॉइंट गेले, सेन्सर आले, पंप टाकीत गेला. चार अटी मात्र बदलल्या नाहीत.

इथे कान वेगळ्या गोष्टीवर लावायचा. किल्ली फक्त 'ऑन' केली, सेल्फ मारला नाही, तर टाकीतून दोन सेकंद बारीक 'झूं' ऐकू येते. ती आली नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंप, याच क्रमाने. नंतरच्या गाड्यांत किल्ली ओळखली नाही तर इंजिन चालू न होऊ देणारा इमोबिलायझर असतो. त्याचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिनात काही शोधण्यात अर्थ नाही. क्रँक सेन्सर गेला तर संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, आणि तो ना ठिणगी देतो ना पेट्रोल. हा सेन्सर तापल्यावर दगा देणारा आणि थंड झाल्यावर शहाणा होणारा म्हणून ओळखला जातो. आणि पावसाळ्यात कोरडी ऊब शोधत बॉनेटखाली शिरलेला उंदीर, ज्याने कुरतडलेली एक तार कोणत्याही सेन्सरला निकामी करते.

स्कॅनर लावला की पडद्यावर कोड येतो, आणि इथे नव्या मुलांची गफलत होते. कोड सांगतो की अमुक सेन्सरच्या मार्गात गडबड आहे. सेन्सर मेलाय, असं तो म्हणत नाही. मार्गात तार आहे, जोड आहे, अर्थिंग आहे. ते न तपासता सेन्सर बदलणं आणि प्राध्यापकांच्या पद्मिनीत कॉइल बदलणं, दोन्ही एकच.

कुर्ल्याचा बाजार

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या मुंबईच्या रस्त्यावर आल्या. सत्तरच्या दशकात त्यांना पद्मिनी हे नाव मिळालं, शतक पालटताना त्यांचं उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली.

टॅक्सी गेल्या त्याचा परिणाम सुट्या भागांवर झाला. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या तोवर पॉइंट, कंडेन्सर, पंपाचे पडदे सतत बनत होते, विकले जात होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत आज जे मिळतं त्यात जुना राखलेला माल थोडा आणि नकली माल पुष्कळ. डब्यातून काढलेला नवा कंडेन्सर पहिल्याच तासात निकामी निघतो, असा अनुभव मला भेटलेल्या प्रत्येक मिस्त्रीने सांगितला. त्यामुळे त्यांची एक शिस्त बनली आहे: चालू असलेला जुना भाग काढला तर तो फेकायचा नाही. नवा बसवून गाडी बिघडली, तर जुना परत लावून पाहायचा.

भाग विश्वासाचे नसतील तेव्हा तपासाची किंमत आणखी वाढते. 'नवीन आहे म्हणजे चांगलं असणार' हे गृहीत धरलं की शोध तिथेच चुकतो.

तपासाचे पैसे

नाना पेठेतल्या त्या मिस्त्रींनी पद्मिनीचं दुखणं शोधायला अर्धा तास घेतला आणि बिल केलं ते पॉइंटचं आणि बसवण्याच्या मजुरीचं. अर्ध्या तासाच्या शोधाचे पैसे त्यात नव्हते. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघायचे पैसे कोण देतं? बदलायचे देतात."

या उत्तरात आपल्या गॅरेजांची खरी अडचण आहे. गिऱ्हाईक हातात दिसणाऱ्या वस्तूचे पैसे मुकाट देतं, पण "काही बदललं नाही, तार साफ केली" असं म्हटलं की घासाघीस सुरू होते. मग मेकॅनिकही शिकतो की शोधण्यापेक्षा बदलणं फायद्याचं. जो पोऱ्या हे पाहत वाढतो, तो टेस्ट लॅम्प हातात धरायला शिकतच नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, पण हे शोधण्याचं कसब पक्कं होतं ते खऱ्या बिघडलेल्या गाडीवर, जाणत्या माणसाशेजारी उभं राहून. ती जाणती पिढी आता साठीच्या पुढे आहे.

त्यामुळे ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सेल्फ फिरतोय आणि गाडी घेत नाही, तेव्हा किल्ली धरून बसू नका. काय, कधी, कसं झालं ते नीट आठवून सांगा. मेकॅनिक एखादा भाग बदला म्हणाला तर एकच प्रश्न विचारा: हाच खराब आहे, हे कशावरून ठरवलं? ठिणगी पाहिली का, पिचकारी पाहिली का, दाब पाहिला का? ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, त्याला सोडू नका. आणि बिल देताना तपासाचे पैसे वेगळे लिहायला सांगा, ते पूर्ण द्या, घासाघीस करू नका. ही विद्या टिकवायची असेल तर तिचं मोल आपणच चुकवायला हवं.